जुन्या लुगड्यांचे कुर्ते शिवून विकायचे आहेत. साड्या कुठून आणायच्या, किंमत कशी लावायची?

कात्रीवाली (नाशिक)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय.

सासूबाईंची ट्रंक रिकामी करायची वेळ आली. त्यात सुती नऊवारी लुगडी निघाली, इरकली आणि काही साधी चौकटीची. नेसणारं आता घरात कुणी नाही. टाकवेनात, म्हणून एका हिरव्या इरकलीचा स्वतःला कुर्ता शिवला. लाल काठ बाह्यांना आणि गळ्याखाली लावला. भाजी घ्यायला गेले तर दोघींनी थांबवून विचारलं. मग सोसायटीतल्या मैत्रिणींना शिवून दिले, शिलाईसकट साडेचारशे रुपये घेतले. आता बहिणीच्या ऑफिसातूनही मागणी आहे, आणि नवरा म्हणतो, "इन्स्टाग्रामवर टाक, धंदा होईल."

शिवण व्यवस्थित शिकलेली आहे, अंगावर माप घेऊन कटिंग येतं. मशीन उषाचं, मोटर लावलेलं. इंटरलॉक बाहेरून करून आणते. अडचणी अशा:

ट्रंक लवकरच संपेल. पुढच्या साड्या कुठून? बोहारणीकडून घेतल्या तर चालतील का?

साडेचारशे बरोबर आहेत का? कापड फुकट आहे म्हणून जास्त मागायला जीभ रेटत नाही. पण दिवस जातो एका कुर्त्यामागे, हेही खरं.

एका मैत्रिणीचा कुर्ता दुसऱ्या धुण्यात कडेच्या कटाच्या वर फाटला. गंमत म्हणजे टीप शाबूत होती, दोरा शाबूत होता, शिवणीच्या कडेनं कापडच विरून गेलं होतं. शिवणीत चूक म्हणावी तर तीही नाही. मग असं का होतं?

आणि गिऱ्हाइकाला "जुन्या साडीचा आहे" असं सांगायचं की नुसतं "हँडलूम कॉटन" म्हणायचं?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

उगाचराव (पुणे)

साड्यांची काय कमी! आमच्याकडे आहेराच्या साड्यांचं कपाट आहे. एकीचीही घडी मोडलेली नाही. या लग्नात आली, त्या मुंजीत गेली, फिरून वास्तुशांतीला परत आली. पत्ता द्या, पाठवतो.

गमतीचा भाग सोडा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे कपड्यांचे ढीग असतात. नाशकात भांड्यांवर कपडे घेणाऱ्या बायका असतीलच. त्यांच्याशी थेट बोला, त्यांनाही जागेवर रोख मिळाली तर बरंच.

---

उरेब (सांगली)

कात्रीवाली, मी लेडीज टेलर आहे. सांगलीत स्वतःचं छोटं दुकान आहे, जुन्या साड्यांचे ड्रेस हे त्यातलं निम्मं काम. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी फाटण्याचं बोलू, कारण किंमत आणि बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे.

नवीन कापड सगळीकडे सारखं असतं. नेसलेली साडी तशी नसते, ती जागोजागी वेगळी झिजते. नऊवारीत काष्टा जातो तो भाग आणि बसण्याचा भाग आधी जातो. पाचवारीत बसण्याचा भाग, टाचेखाली येणारा खालचा काठ आणि खांद्यावर पिन लावून लावून चाळण झालेला पदर. खोचायच्या आतल्या टोकाचं कापड बहुतेक वेळा कोरं असतं, आणि आपण नेमकं तेच "सुरकुतलंय" म्हणून बाजूला टाकतो. नेसलेल्या साडीचं कटिंग करताना पहिलं काम म्हणजे ती खिडकीसमोर उजेडात धरून वीतवीत पुढे सरकवत बघणं. जिथे जाळी दिसते तिथे खडूनं फुली. मग दोन्ही हातांत धरून उभी ताणायची, आडवी ताणायची. बारीक करकर ऐकू आली की तो भाग गेला. नऊवारी आठेक मीटर असते. फुल्या सोडून माझ्या हाती साडेचार-पाच मीटर लागलं तरी मी खूश असते. त्यात एक कुर्ता होतो आणि एखाद्या पोरीचा फ्रॉक.

तुमच्या मैत्रिणीच्या कुर्त्यात टीप राहिली आणि कापड गेलं, याचं कारण दोरा कापडापेक्षा दणकट होता. आजकालचा पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, तो विरलेल्या सुताला कापत जातो. त्यात आपल्याला हात बसलेला असतो बारीक टिपेचा. बारीक टिपेनं भोकांची रांग पडते आणि पोस्टाच्या तिकिटासारखं कापड त्या रांगेवर सुटतं. म्हणून जुन्या सुतीला आणि रेशमाला ११ नंबरची सुई लावा, टीप मोठी ठेवा, दोरा सुती किंवा अगदी पातळ घ्या. शिवणीला आत किमान पाऊण इंच सोडा. बगलेत आणि कटाच्या टोकाला आतून नव्या कापडाची चकती लावा.

त्याहून महत्त्वाचं अस्तर. नुसतं मागे लोंबणारं अस्तर नको. अस्तराचे भाग वरच्या कापडाच्याच आकाराचे कापा, दोन्ही एकमेकांवर धावदोऱ्यानं टाचा आणि मग एकच कापड समजून शिवा. रुंदीत अस्तर पाव इंचानं कमी ठेवलं की अंगाचा ताण अस्तर घेतं, साडी नुसती वर बसून राहते. पण एक लक्षात ठेवा, साडी वर्षानुवर्षं धुतलेली आहे, तिला जेवढं आटायचं तेवढं ती आटून बसली आहे. तुमचं रुबियाचं किंवा मलमलचं अस्तर दुकानातून आलंय. तसंच लावलं तर पहिल्या धुण्याला ते आटतं आणि कुर्त्याला चुण्या पडतात. अस्तर रात्रभर पाण्यात घालायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, मगच कात्री.

फिटिंगचं वेड सोडून द्यायचं. जुन्या कापडाला सैल, सरळ कुर्ताच शोभतो. कटोरी, प्रिन्सेस कट, घट्ट मोंढा यांच्या नादी लागू नका. मुली मागतात. मी सरळ नाही म्हणते, त्या रुसतात, मग सैल कुर्ता घालून बघतात आणि आणखी एक शिवायला टाकतात.

इरकलीबद्दल दोन गोष्टी. तिचा पदर अंगाला गाठ-फासाच्या पद्धतीनं जोडून विणलेला असतो, त्या जोडाला अगदी लगटून कात्री चालवू नका. आणि काठ बहुतेकदा चमक्याचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, आणि अंग सुती. दोन्ही सारखं आटत नाहीत, म्हणून जुन्या इरकलीचा काठ बघाल तर थोडा चुण्या पडल्यासारखा असतो. तो काठ उसवा, म्हणजे कापून वेगळा करा, हलकी इस्त्री मारा आणि मग पट्टी म्हणून लावा. अंगासकट सरळ कापला तर कुर्त्याचा घेर एका बाजूला उचललेला दिसेल.

पाचवारीला फॉल असतो. तो उसवला की खाली गडद पट्टा निघतो, कारण तेवढ्या भागाला ऊन लागलेलं नसतं, आणि सुईची भोकं राहतात ती वेगळीच. हा पट्टा कुर्त्याच्या मधोमध आला की डाग वाटतो. मी तो मुद्दाम बाहीच्या टोकाला आणते, तिथे तो डिझाइन म्हणून खपतो.

कापड कशाचं हे कळत नसेल तर चार दोरे काढून जाळून बघा. सुती जळताना कागदाचा वास येतो आणि राख मऊ असते. रेशमाला केस जळल्याचा वास, राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी राहतो. उगाचरावांच्या कपाटातल्या आहेराच्या साड्या नव्वद टक्के मणीवाल्या निघतील! त्यांचे कुर्ते शिवू नका, एप्रिलमध्ये गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या देईल. बटवे, पिशव्या, पडदे ठीक.

रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीवर चिरते. बाहेरून नवी कोरी दिसते आणि उलगडली की घडीघडीवर फट. अशी साडी आली की मी टेबलावर सुद्धा घेत नाही. जरीवर इस्त्री थेट नको, वर सुती कापड घाला. हल्लीची जर प्लॅस्टिकची असते, आकसते. आणि जुनी साडी जड लागली, जर काळवंडलेली असली, तर कापण्याआधी मालकिणीला सांगा की एकदा जरवाल्याला दाखवून घ्या. खरी चांदीची जर वजनावर विकली जाते. कापून झाल्यावर कुणीतरी हे तिच्या कानावर घातलं तर दोष तुमच्याकडे येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, साड्या कुठून आणायच्या. माझं मत विचाराल तर आणूच नका.

गिऱ्हाइकालाच साडी आणू दे. "तुमच्या आईची, आजीची साडी द्या, मी कुर्ता शिवून देते." बाजारातल्या ढिगातली साडी कुणाची, किती झिजलेली, कोणत्या रोग्याच्या अंगावरची, काही कळत नाही. तिच्यात फुल्या मारून मारून अर्धी फेकावी लागते. मग त्या एकुलत्या एका कुर्त्याचा फोटो काढा, माप लिहा, आणि ज्या बाईला रंग आवडला तिला तो बसत नाही. माल पडून राहतो. घरच्या साडीत हे काहीच नाही. माप तिचं, साडी तिची, हौसही तिची. आणि आईच्या साडीच्या कुर्त्यासाठी कुणी शिलाईत घासाघीस करत नाही. करते ती साडी परत घेऊन जाते, जाऊ दे.

बाकी किमतीचं नंतर लिहिते. दुकानात गिऱ्हाईक आलंय.

---

कात्रीवाली (नाशिक)

उरेबताई, प्रिंट काढून मशीनसमोर चिकटवणार आहे. अस्तर आटल्याचं वाचून एका कुर्त्याच्या चुण्यांचा उलगडा झाला, मी दोष इस्त्रीला देत होते.

पण मनात भीती आहे. स्वतःच्या सासूबाईंचं लुगडं कापताना काही वाटलं नाही, दुसऱ्या कुणाच्या आईच्या साडीला कात्री कशी लावायची? ती माणसं गेलेली असतात. एक चुकीचा काप आणि परत मिळणार नाही.

---

देवघर (कोल्हापूर)

मुळात गेलेल्या माणसाची वस्त्रं अंगावर घालू नयेत असं आमच्याकडे मानतात. दान करावीत. कुणाकुणाला हे पटणार नाही, पण विकणाऱ्यानं याचा विचार करावा. गिऱ्हाइकाला न सांगता असं वस्त्र गळ्यात मारणं मला तरी बरोबर वाटत नाही.

---

जमाखर्च (ठाणे)

व्यवसायानं कर सल्लागार. उरेब यांचा सल्ला कराच्या बाजूनंही सोपा आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही साडी विकत घेऊन कुर्ता शिवून विकता तेव्हा तो वस्तूचा पुरवठा. महाराष्ट्रात वस्तूंसाठी वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. म्हणजे तुमच्यासारख्यांना चिंता नको. मात्र माल राज्याबाहेर विकला, समजा पणजीच्या किंवा बेळगावच्या गिऱ्हाइकाला कुरिअर केला, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होते. ठराविक हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे, पण तुमचा कुर्ता त्या यादीत बसतो की नाही हे आपल्या सल्लागाराला विचारूनच ठरवा. मोठ्या ऑनलाइन विक्री संकेतस्थळांवरून विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून मोकळीक मिळाली आहे, फक्त जीएसटीच्या पोर्टलवर नावनिशी करून एक क्रमांक घ्यावा लागतो.

गिऱ्हाइकानं साडी आणली आणि तुम्ही शिवून परत दिली, तर ती सेवा. सेवेसाठी मर्यादा २० लाखांची, आणि तेवढ्या मर्यादेत राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाची शिलाई केली तरी नोंदणीची सक्ती नाही. घरच्या साडीचा मार्ग इथेही सुटसुटीत.

पुढे नोंदणी करावी लागलीच तर लक्षात असू द्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, हे मुद्दाम सांगतो कारण लोक लावतात.

उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून करायची ती) फुकट आहे आणि सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते. पैसे घेऊन करून देणाऱ्यांचे फोन येतील, उचलू नका. शॉप अ‍ॅक्ट म्हणाल तर वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, परवान्यासाठी खेटे घालायचे दिवस गेले.

---

बाळंतविडा (मडगाव)

उरेब यांच्याशी एका बाबतीत माझं पटत नाही. तयार माल विकला जातो, फक्त तो कुर्ता नसावा.

मी झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची शिवते आणि चारपाच नगांचा बाळंतविडा म्हणून एकत्र विकते. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून आपल्याकडे आजीच्या लुगड्याचंच झबलं करायची पद्धत होती. ती गिऱ्हाइकाला समजावून सांगावी लागत नाही, आजी सोबत आलेली असते, ती स्वतःच सुनेला सांगते! मापाचा प्रश्न नाही. बाळ तीन महिन्यांत मोठं होतं, त्यामुळे झबलं किती टिकेल हाही प्रश्न नाही. साडीतले फुली मारलेले भाग टाळून उरलेल्या वीतभर तुकड्यांतही झबलं बसतं. जे कुर्त्यात वाया जातं ते माझ्याकडे कामाला येतं.

शिवताना शिवण बाहेरच्या बाजूला घ्यायची, आतून अंगाला काही लागता कामा नये. बटणं नकोत, बंद लावायचे. इलॅस्टिक नको. काठाची जर बाळाच्या कपड्याला अजिबात नको, खरखरते.

साड्या मात्र मी बाजारातून घेत नाही. ओळखीच्या घरातल्या, नेसून मऊ झालेल्या, शंभर टक्के सुती. उकळत्या पाण्यातून काढते, कडक उन्हात वाळवते आणि शेवटी दोन्ही बाजूंनी इस्त्री. नॅप्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेली साडी असेल तर ती झबल्यांसाठी घेतच नाही. तो वास बाळाजवळ नको, आणि धुऊनही पटकन जात नाही.

---

उरेब (सांगली)

बाळंतविडा, मान्य! झबल्यांचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण माझ्याकडे सगळं काम बायकांच्या कपड्यांचं. कात्रीवाली, तुमच्या ट्रंकेतल्या उरलेल्या तुकड्यांचं हेच करा. त्याहून बारीक कातरण राहील ती वाकळ शिवणाऱ्या बायका आनंदानं नेतात.

देवघर, तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच म्हणते की घरचीच साडी शिवायची. ज्या मुलीला आईचं लुगडं अंगावर घ्यायचंय ती स्वतः घेऊन येते, ज्यांना चालत नाही त्या येत नाहीत. फसवण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि तयार माल विकायचाच असेल तर "जुन्या साडीपासून" हे लेबलवर मोठ्या अक्षरात हवं. "हँडलूम कॉटन" म्हणून खपवू नका. पहिल्याच धुण्यात बाई ओळखते, आणि ती पुन्हा येत नाही.

आता कापायची भीती. ती असावी. माझ्याकडे दुकानात एक वही आहे. साडी आली की गिऱ्हाइकासमोर उलगडायची, उजेडात धरायची, कुठे विरलीय, कुठे डाग आहे, पिनांची भोकं कुठे, सगळं वहीत लिहायचं आणि खाली तिची सही घ्यायची. "धुतल्यावर रंग जाऊ शकतो, जुनं कापड आहे" हेही लिहायचं. फोनवर फोटो काढून ठेवायचा. यानं निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत. शिवाय बाईला आपणहून कळतं की साडी तिला वाटते तेवढी धड नाही, मग ती म्हणते, "काकी, फिटिंग नको, जमेल तसं करा."

आणि आधी दुसऱ्या कापडावर पूर्ण कुर्ता टाचून घ्या. स्वस्तातलं पॉपलीन आणून ठेवायचं, त्यावर माप जुळवायचं, अंगावर घालून बघायला लावायचं, मग ते उसवून त्याच भागांवरून साडी कापायची. वेळ जातो, पण त्या वेळेचे पैसे शिलाईत धरायचे. धरायचेच.

नाही म्हणायला शिका. घडीवर चिरलेलं रेशीम, सगळीकडून जाळी झालेली सुती, आणि घरात दोन बहिणी असून एकीनंच आणलेली आईची साडी. हसू नका. आमच्या गल्लीत एकीनं पैठणी कापून घेतली आणि दुसरी बहीण टेलरच्या दारात येऊन रडली. तेव्हापासून मी विचारते, "घरात सगळ्यांना माहीत आहे ना?"

किंमत. कापड फुकट म्हणून जीभ रेटत नाही म्हणता. अहो, नव्या कापडाच्या कुर्त्याला थानातून कापलं आणि शिवायला बसलं, इतकंच काम. इथे फॉल उसवणं, धुणं, इस्त्री, उजेडात तपासणं यातच दोन तास जातात. मग फुल्या चुकवत, काठ जुळवत कापायला तास. शिवायला अडीच तास धरा, कारण टाचण आहे, चकत्या आहेत. झाले साडेपाच तास. घरकामाच्या बाईला सुद्धा आपण तासाचे पैसे देतो, तुम्ही स्वतःला तासाचे शंभर तरी द्याल की नाही? साडेपाचशे झाले. दोन मीटर अस्तर नव्वद रुपये मीटरनं एकशे ऐंशी. दोरा, बटणं, फ्युझिंग, इंटरलॉकचे मिळून चाळीस. सातशे सत्तर. यात वीज नाही, मशीनची झीज नाही, बिघडलेल्या नगाचा हिशेब नाही. साडेचारशेत तुम्ही प्रत्येक मैत्रिणीला तीनशे वीस रुपये आहेर केलात.

मी साडेनऊशेच्या खाली घेत नाही. रेशीम असेल तर बाराशेच्या पुढे. निम्मे आधी, कापायच्या आधी. हे "आधी" फार महत्त्वाचं आहे, कारण कापलेली साडी तिच्याही कामाची नसते आणि माझ्याही.

ओळखीच्या बायकांना भाव वाढवून सांगायला जड जातं, मला ठाऊक आहे. आधीच्या मैत्रिणींना जुन्याच भावात एखादा शिवून द्या, पण नव्या माणसाला पहिल्यापासून नवा भाव. बहिणीच्या ऑफिसात साडेचारशे हा आकडा एकदा पोचला की तो तिथून हलत नाही.

---

कात्रीवाली (नाशिक)

पोचलाय!! बहिणीनं कालच ग्रुपवर टाकलं.

---

उगाचराव (पुणे)

अस्तराशिवायचा भाव होता म्हणा.

---

उरेब (सांगली)

हे बरं सुचलं उगाचरावांना, आणि ते फारसं खोटंही नाही. तुम्ही आतापर्यंत अस्तर टाचून लावत नव्हता, आता लावणार. ग्रुपवर लिहा, "साडी तुमची, पूर्ण अस्तरासह, साडेनऊशे, निम्मे आगाऊ." सातजणी असतील तर चारजणी गळतील. उरलेल्या तिघी पुरतात, एका मशीनवर आठवड्याला त्याहून जास्त काम नीट होतही नाही.

---

कात्रीवाली (नाशिक)

लिहिलं. दोघींचे होकार आले, एकीनं विचारलंय की वडिलांच्या धोतराचं काही होईल का. काय सांगू?

---

उरेब (सांगली)

धोतर उत्तम! काठाचं सुती धोतर असेल तर शर्ट, कुर्ता काहीही. लांबी भरपूर, जर नाही, फॉल नाही. फक्त रोज नेसून निळीत घातलेलं असेल तर आधी दोनतीन पाण्यातून काढा, नाहीतर निळीची छटा जागोजागी वेगळी दिसते. आणि काष्ट्याचा भाग बघा, नऊवारीसारखाच जातो. पाठीला काठ उभा घ्या म्हणावं, छान दिसतो.